हिरव्या डोळ्यांचा हिवाळा

थंडी आली हे मला अजूनही कानांनीच कळतं. अंगाला फार उशिरा कळतं. ठाण्याची थंडी ती काय, उशाशी शाल घेऊन निजावं आणि सकाळी घडी न मोडता तशीच उचलून ठेवावी. पण पूर्वी दिवाळी सरली की रेडिओची खरखर एकाएकी कमी व्हायची. पावसाळाभर कुठल्याकुठल्या लांबच्या विजा त्या पेटीत शिरून बसलेल्या असत. मग एका संध्याकाळी बातम्या सांगणारा माणूस उंबऱ्यात येऊन बोलावा इतका स्वच्छ ऐकू येई आणि हे म्हणत, "आली बरं का थंडी." हे म्हणजे आमचे यजमान. पंचांगापेक्षा त्यांचा त्या खरखरीवर विश्वास जास्त.

परवा नातसून ओट्याशी उभी राहून फोनला काहीतरी विचारत होती. हात कणकेचे, म्हणून नुसतंच तोंडानं. तिच्या बोलण्याबरोबर फोनवर एक निळी रेघ थरथरत होती. बोलणं थांबलं की रेघ सरळ. "बघा ना आजी, नुसतं बोललं की कळतं त्याला," ती कौतुकानं म्हणाली. मी म्हटलं, "कळतं हो." आणि गॅलरीत येऊन उभी राहिले. समोर खाडीकडचे टॉवर आहेत. तिथं तेव्हा मिठागरं होती. पावसाळ्यात बुडालेले बांध याच दिवसांत पुन्हा घालायला घ्यायचे, आणि चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा एक वास संध्याकाळी घरात यायचा. आता तो वास नाही. तरी त्या रेघेकडे बघता बघता मला तो आला, आणि मानेवर कुणाची तरी गार बोटं टेकल्यासारखं झालं. ऐंशी ओलांडलेल्या बाईला असले भास होतात असं घरात म्हणतील, म्हणून मी बोलले नाही.

लग्न होऊन खडवलीहून ठाण्याला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. कोपरीत, रुळांच्या पलीकडे, आमच्या दोन खोल्या आणि एक पडवी. घरात माणसं चार: सासूबाई, हे, माझी नणंद शालू आणि मी. हे ठाण्यातल्या एका रेडिओच्या कारखान्यात कामाला होते. रेडिओच्या पोटातली कामं दुसऱ्यांची. ह्यांच्याकडे पेटीच्या तोंडाचं काम: आकड्यांची काच, तिच्यामागं दोरीवर सरकणारी सुई, फिरवायची बटनं, आणि भारी सेटवर असायचा तो हिरवा डोळा. काचेच्या नळीच्या टोकाशी हिरव्या उजेडाचा एक उघडा पंखा असे. स्टेशन नीट लागलं की तो पंखा मिटत येई. म्हणून त्याला डोळा म्हणायचे.

"आतलं सगळं साहेबांनी शोधून ठेवलंय," हे जेवताना सांगत. "पण माणसानं पेटीशी बोलायचं कसं आणि पेटीनं माणसाला दाखवायचं काय, त्यात अजून कुणी डोकं घातलेलं नाही."

"तुम्ही ताटात डोकं घाला आधी, आमटी निवली," मी म्हणे. मला तेव्हा ते सगळं खूळच वाटे. आमच्याकडे एक बटन होतं ते फिरवायचं नाही, दाबायचं. एक होतं ते पायानं चालायचं. एकदा ह्यांनी अशी सुई केली की ती उभी न सरकता गोल फिरे, आणि आम्ही आठवडाभर नाटकाऐवजी सिंहली बायकांची गाणी ऐकली.

शालू माझ्याहून थोडी लहान. माझं लग्न व्हायच्या आधी तिला क्षय झाला होता. नवी इंजेक्शनं तेव्हा नुकती मिळायला लागली होती, त्यांनी ती वाचली. पण त्याच इंजेक्शनांनी कान गेले. "देवानं जीव ठेवला आणि भाडं म्हणून कान घेतले," असं सासूबाई म्हणत. पूर्वी म्हणे ती घरातली सगळ्यांत तोंडाळ. बरी झाल्यावरही बोलायची. मग कुणाकडच्या हळदीकुंकवाला गेली, तिथं काहीतरी साधंच बोलली आणि सगळ्या बायका एकदम तिच्याकडे वळल्या. ती किती मोठ्यानं बोलली ते तिला त्यांच्या तोंडांवर दिसलं. एक मुलगी हसली. शालू घरी आली ती गप्प. त्यानंतर तिनं तोंडातून शब्द काढला नाही. ओठ वाचायची, पाटीवर लिहून द्यायची, रागावली की भांडी आपटायची. त्या भांड्यांचा आवाज तिला सोडून सगळ्या घराला ऐकू येई.

म्हणजे मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. एका घरात राहून, एका ताटात जेवून, एकमेकींच्या वेण्या घालून. कधी कधी दुपारी ती झोपली असली की मी तिच्या गळ्याकडे बघत बसे.

सासूबाईंची एक शिस्त होती. तिन्हीसांजेला दिवा लावला की त्या प्रत्येकाला नावानं हाक मारून घरात घेत. मिठागराच्या बाजूला राहणारं माणूस त्या वेळी बाहेर रेंगाळत नाही. आणि हाक मारायची ती दोनदा. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, कारण जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारू शकतं. दुसरी हाक आली की समजायचं, आपलंच माणूस आहे. शालू बहिरी झाली तरी तिच्या नावाची हाक चुकली नाही. "शालेऽ" अशी पहिली. थोडं थांबून दुसरी. मग त्या जरा वेळ तशाच उभ्या राहत, आणि कुणीच ओ देत नसे. शालू समोर बसून गहू निवडत असली तरीही. मला ते फार लागे. एकदा मी म्हटलं, "आई, तिला ऐकू येत नाही, मग कशाला?"

"तिनं एकदा ओ द्यावी मी असेतोवर," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय मागायचंय गं?"

हे तेव्हा दाराशी चपला काढत होते. त्यांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पायाची बटनं आणि गोल सुया माळ्यावर टाकल्या.

शालूसाठीच्या नव्या यंत्राचा सगळा सांगाडा आमच्या बाहेरच्या खोलीत तयार झाला. कारखान्यात टाकून दिलेल्या तीन हिरव्या नळ्या एका फळीवर शेजारी शेजारी. खाली तारांचं जंजाळ. स्वयंपाकघराच्या दाराशी, दिव्याच्या कोनाड्याजवळ, एक माईक टांगलेला. ह्यांनी असं काही केलं होतं की आवाजातला जाड भाग एका डोळ्याला मिळे, मधला दुसऱ्याला, बारीक तिसऱ्याला. घरात कुणी बोललं की तीनही डोळे आपापल्या परीनं मिटत, उघडत. शालूनं त्यांच्याकडे बघून कोण काय बोललं ते ओळखायचं, असा बेत.

पण यंत्र जुळवायचं कुणाच्या आवाजावर? हाक मारणार सासूबाई. तेव्हा त्यांच्याच. आठवडाभर रोज संध्याकाळी त्या कोनाड्याजवळ उभ्या राहत आणि हे पेचकस घेऊन फळीमागं.

"म्हण आई."

"शालेऽ."

"अजून एकदा. इतकी नटून नको म्हणूस, रोजच्यासारखी म्हण."

"लेकीला हाक मारायची तर परीक्षा द्यावी लागते होय रे?" सासूबाई म्हणाल्या. पण दिली त्यांनी परीक्षा. शेवटी असं जमलं की त्यांच्या हाकेला तिन्ही डोळे बरोबरीनं, पार मिटत. ह्यांच्या आवाजाला पहिला मिटे, बाकीचे नुसते फडफडत. माझ्या आवाजाला तिसरा तेवढा अर्धा हाले. "तुझा आवाज फार पातळ आहे," हे म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या माहेरी सगळ्यांचे असेच आहेत." मला राग आला होता, कारण मलाही शालूला हाक मारायची होती.

शालूला आधी ते यंत्र आवडलं नाही. मग तिला त्याचा नाद लागला. घरात किती आवाज असतात ते आम्हांला तिनं शिकवलं. रिकाम्या स्वयंपाकघरातून पहिला डोळा हळूच मिटायचा आणि ती माझ्याकडे वळून भुवया उंचावून विचारायची, कोण? मी आत जाऊन बघायची. कुणी नाही. मग लक्षात यायचं, खाडीवरच्या पुलावरून मालगाडी जातेय, तिचा घुमारा आपल्याला सवयीनं ऐकूच येत नाही. पाल चुकचुकली की तिसरा. कधी मात्र काहीच सापडायचं नाही. मालगाडी नसायची, पाल नसायची, आणि डोळा मिटून उघडायचा. हे म्हणत, तारेला खारी हवा लागते. असेल. जानकीबाय मिठागरावर कामाला जाताना आमच्याकडे वालाच्या शेंगा टाकून जायची, तिनं एकदा उंबऱ्यातूनच पाहिलं आणि शेंगांची टोपली बाहेरच ठेवली.

"यो कोनाचा डोला गो बाय? मिटतंय न् उघरतंय."

"रेडिओचा आहे गं," मी म्हटलं.

"र्‍हाऊं दे. आमचे पोराला नको दाखवू," म्हणून ती गेली, आणि पुढं शेंगा कुंपणावरूनच देऊ लागली.

कल्याणला लढाईतल्या छावणीचं भंगार तेव्हा अजून ढिगांनी विकायला असे. हे तिथून गळ्याला बांधायचा एक पट्टा घेऊन आले. त्याला दोन काळ्या चकत्या. रणगाड्यातले शिपाई म्हणे हा बांधत, कारण बाहेर इतका गोंधळ की तोंडापुढच्या माईकचा उपयोग नाही, तेव्हा आवाज थेट गळ्यातून घ्यायचा. ह्यांनी त्याची तारही त्याच यंत्रात नेली. शालूनं बोलावं आणि स्वतःचा आवाज डोळ्यांनी बघावा. मोठा झाला तर कळेल, उतरला तर कळेल. पुन्हा कुणी हसणार नाही.

"ठुशी आणलीय बघ तुझ्यासाठी," मी ओठ नीट हलवून तिला म्हटलं. ती हसली. तिनं पट्टा बांधून घेतला. पण बोलली नाही. रोज संध्याकाळी पट्टा बांधून ती डोळ्यांसमोर बसे, सासूबाई दोनदा हाक मारत, तिन्ही डोळे दोनदा मिटत, शालू मान वळवून आईकडे बघे. तिला हाक पोचत होती, हे आता सगळ्यांना दिसत होतं. ओ मात्र येत नव्हती. सासूबाईंना त्याचं जास्त लागू लागलं. आधी निदान ऐकूच येत नाही असं म्हणता येई.

एका दुपारी मी दळण घेऊन आले तर शालू एकटीच तिथं पट्टा बांधून बसलेली, पाठमोरी. घरात आवाज नाही, तोंड मिटलेलं. आणि पहिला डोळा थरथरत होता. मिटत नव्हता, नुसता कडेकडेला थरथरत होता. मी पुढं होऊन तिच्या तोंडाकडे पाहिलं. गालांवर पाणी होतं. तिच्या छातीत जे चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं, पट्ट्याला येत होतं. मी तशीच मागं फिरले आणि अंगणात जाऊन मुद्दाम पीठ चाळत बसले. संध्याकाळी सासूबाईंना तेवढं सांगितलं की तिचा आवाज आत आहे, गेलेला नाही.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पोटात असल्यापासून तिला ओळखते मी."

संक्रांत झाली आणि सासूबाई गेल्या. आजार नाही, काही नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या, पडवीत टेकल्या, आणि मी चहा घेऊन गेले तर बोलेनात. शालू आतल्या खोलीत केस विंचरत होती. मी किंचाळले ते तिला कळलं नाही. कारखान्याला निरोप धाडला, शेजारचे धावले, घर माणसांनी भरलं, तोवर ती विंचरतच होती. तिला हाताला धरून बाहेर मी आणलं. तिनं आईकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. ते उघडं तोंड मला आजही दिसतं.

तेरा दिवस यंत्रावर चादर होती. चौदाव्या दिवशी ह्यांनी ती काढली आणि यंत्र चालू केलं. का, ते मी विचारलं नाही. त्या घरात संध्याकाळी करायचं असं आम्हांला दुसरं काही माहीत नव्हतं. शालूही पट्टा बांधून समोर येऊन बसली. हे टेबलाशी तापल्या डाखणीनं कसलीशी तार जोडत होते. मी आत कोनाड्यात दिवा लावत होते.

मला आधी सांगायला हवं की मी काही ठरवलं नव्हतं. माझा घसा रडून रडून बसला होता. वात पेटली, काडी विझवली, आणि आता काहीतरी व्हायचं असतं ते होत नाहीये असं वाटलं. सगळं घर थांबून राहिलं होतं. आणि माझ्या तोंडून गेलं, "शालेऽ."

ती माझी हाक नव्हती. शेवटचा सूर कुठं वर न्यायचा आणि कुठं सोडायचा, ते सगळं त्यांचं होतं. दारातून मला फळी दिसत होती. तिन्ही डोळे बरोबरीनं, पार मिटले. माझ्या आवाजाला जे कधीच मिटले नव्हते ते मिटले, आणि मग हळूहळू उघडले.

ह्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. कोनाड्याकडे पाहिलं.

शालू पाठमोरी होती. ती हलली नाही. मला कळलं की ती दुसऱ्या हाकेसाठी थांबली आहे. दुसरी हाक मारली की सगळं सरळ होतं. मी म्हणजे मी, वहिनी, जिवंत बाई. पण ती हाक माझ्या घशातून वर येईना. फळीवरचे डोळे उघडेच्या उघडे राहिले. बाहेर खाडीवरून वारा येत होता. एक हाक होऊन गेली होती, आणि दुसरी येत नव्हती, आणि असल्या हाकेला काय करायचं ते त्या घरात जन्मलेल्या मुलीला पुरतं माहीत होतं.

"ओ," शालू म्हणाली.

जाडसर, बोथट आवाज, शेवटी जरासा चढलेला. लहान मूल खेळातून देतं तशी ओ. पहिला डोळा मिटला, दुसरा फडफडला. तिनं ते पाहिलं, आणि जरा खाली उतरवून, नीट करून पुन्हा म्हणाली, "ओ, आई."

ह्यांच्या हातातली डाखणी टेबलावर टेकली होती. लाकूड जळल्याचा वास सुटला तरी त्यांनी ती उचलली नाही.

मग शालू वळली. दारात, माईकपाशी, मी उभी. तिला सगळं समजायला क्षणही लागला नसेल. मला वाटलं आता ही कोसळेल, नाहीतर माझ्या अंगावर धावून येईल, आणि दोन्ही करायचा तिला हक्क होता. ती उठली. गळ्याच्या पट्ट्याची तार ओढली जाऊन सुटली, तशीच लोंबत राहिली. माझ्याजवळ येऊन तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला. बोटं गार होती.

"परत," ती म्हणाली.

मी मान हलवून नको म्हटलं.

"म्हण ना वहिनी. परत म्हण."

मी हाक मारली. तशीच आली. तिनं डोळे मिटले आणि बोटं आणखी घट्ट केली.

"आहे," ती म्हणाली. "आई आहे इथं."

पुढं शालू बोलू लागली. पट्टा लागेनासा झाला, मग यंत्रही लागेनासं झालं. माझ्याशी भांडली सुद्धा, चांगली कडकडून, आणि ह्यांना ते भांडण ऐकून इतका आनंद झाला की ते मधे पडेनात. पण रोज दिवा लागला की ती माझ्यापुढं येऊन उभी राही आणि माझ्या गळ्याला हात लावी. मी हाक मारी. ती ओ देई. मला नको वाटे असं नाही. भीती वाटे. खडवलीहून मी घेऊन आले होते तो पातळ आवाज कुठं गेला, असं मनात येई, आणि हे विचारायचं कुणाला ते कळत नसे. देणाऱ्या सासूबाईंनी तर काही विचारलं नव्हतं, आणि घेणाऱ्या शालूला नाही म्हणणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

होळीच्या सुमाराला मी माहेरी गेले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच. दुपार होती, दार लोटलेलं, आई मागल्या बाजूला पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. मी अंगणातून तिला हाक मारली. सुपाचा आवाज थांबला. आई लगबगीनं बाहेर आली. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता, विहीणबाई आल्यावर घ्यायची तसा. मी समोर उभी होते, एकटीच. तिला त्या वारल्याचं माहीत होतं, भेटायलाही येऊन गेली होती. तरी माझ्याशी बोलायच्या आधी ती माझ्या खांद्यावरून मागं रस्त्याकडे बघत राहिली.